इक्थिऑर्निसचा पडलेला दात

मित्रांनो, मी एक जुना पक्षी आहे. जुना म्हणजे तुमच्या आजोबांच्या सायकलइतका नव्हे. मी आकाशात उडत होतो तेव्हा खाली जमिनीवर डायनोसॉर फिरत होते. शास्त्रज्ञ मला इक्थिऑर्निस म्हणतात. जीभ अडखळत असेल तर नुसतं पक्षीकाका म्हणा, मला राग येणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. आजच्या कुठल्याही पक्ष्याकडे नाही ते माझ्याकडे होतं. माझ्या चोचीत दात होते.

अमेरिकेत आज जिथे कॅन्ससची गव्हाची शेतं आहेत, तिथे तेव्हा समुद्र होता. मी जेमतेम कबुतराएवढा, पण माझा रुबाब काय विचारता! लाटांवरून उडायचं, खाली झेपावायचं आणि मासा उचलायचा. एकदा माझ्या दातांत सापडलेला मासा सुटेल तर शपथ. शेवटी शेवटी एका आडदांड माशाशी झटापट करताना माझा एक दात पडला. त्याचं मला काहीच वाटलं नाही, कारण आम्हाला पडलेल्या दाताच्या जागी नवा दात येत असे. पण तो पुरता वर यायच्या आत एका वादळाने मला समुद्रात लोटलं. तळाच्या पांढऱ्या गाळात मी रुतलो. गाळाचा खडू झाला आणि माझ्या हाडांचा दगड.

कोट्यवधी वर्षांनी कोणीतरी मला खडूच्या ढेपेसकट उचललं आणि मी मिशिगनमधल्या एका म्युझियमच्या खणात जाऊन पडलो. तिथे मला कुत्रंही विचारेना. वर ढेपेतलं माशासारखं दिसणारं एक हाड पाहून सगळ्यांनी मला मासा ठरवलं. जन्मभर मासे खाल्ले, आणि मलाच मासा म्हणतात!

मग आसावरी आली. ती नागपूरची दातांची डॉक्टर. नवऱ्याला मिशिगनमधल्याच नोव्हाय शहरात गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून ती इथे आली. पण इथल्या परीक्षा दिल्याशिवाय तिला कोणाचे दात तपासता येत नव्हते. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "मी सध्या काही करत नाही." घरात बसून जीव उबगला, तेव्हा ती शनिवारी म्युझियमच्या लॅबमध्ये मदतीला येऊ लागली. लॅब सांभाळणाऱ्या हेलनने माझी ढेप तिच्यापुढे ठेवली.

काय हात होते तिचे! बारीक सुईने ती खडूचा एकेक कण काढायची. जुन्या सवयीने मला म्हणायची, "दुखलं तर सांगा हं, काका." इतक्या काळात मला दुखेल का याचा विचार करणारी ती पहिलीच. माझा तिच्यावर जीव जडला. एकेक करून माझे दात उघडे झाले आणि मी मासा नाही हे जगाला कळलं. हेलन म्हणाली, "जबडा पूर्ण साफ झाला की याला बाहेर हॉलमध्ये मांडू."

एका शनिवारी आसावरीची मुलगी मैत्री सोबत आली होती. तिचा पुढचा दात त्याच आठवड्यात पडला होता. काम चालू असताना आसावरीच्या सुईखाली दातांच्या रांगेत एक रिकामी जागा आली. शेजारी एक तपकिरी तुकडा पडला होता. तिचा चेहरा उतरला.

"तुटला. माझ्या हातून तुटला."

हेलनने समजूत घातली, "असं सगळ्यांच्याच हातून होतं." पण आसावरीने सुई खाली ठेवली होती.

"इतकी वर्षं टिकलेला दात मी तोडला. माझा हातच गेलाय, हेलन. मी आता येणार नाही."

मला रडू फुटायचं बाकी राहिलं. ती गेली की मी अर्धवट तोंडाने पुन्हा खणात जाणार होतो. अगं बाई, तो दात माशाने पाडला, तू नव्हे! पण दगडाचं कोण ऐकतं?

आई पर्स आवरत होती, तेवढ्यात मैत्री स्टुलावर चढली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली. बघता बघता तिची जीभ आपल्याच तोंडातल्या रिकाम्या जागेवर गेली.

"आई, इट्स नॉट ब्रोकन. नवा येतोय. सेम लाइक माइन."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"अगं, बघ ना."

आसावरीने पाहिलं. खळगीच्या तळाशी तांदळाच्या कणीएवढं टोक चमकत होतं. ते काय आहे हे दातांच्या डॉक्टरला सांगावं लागत नाही. मग तिने तो तपकिरी तुकडा काचेखाली धरला. ते माशाचं खवलं निघालं. ती हसली, मग रडली, मग नाक पुसत मला म्हणाली, "काका, जीव घेतला असता ना माझा." आणि तिने पुन्हा सुई उचलली.

आता मी हॉलमध्ये असतो. आसावरी परीक्षेचा अभ्यास करते आणि शनिवारी मला भेटून जाते. मित्रांनो, माझे दात पडले तरी पुन्हा येत. तुम्हाला ती सोय एकदाच आहे, म्हणून रोज घासत जा. आणि आपल्या हातून काही बिघडलंय असं वाटलं, तर उठून जाण्याआधी एकदा नीट बघा, नाहीतर शेजारच्याला बघू द्या.

परवा मैत्रीचा वर्ग मला पाहायला आला होता. कोणीतरी तिला विचारलं, तुझी आई काय करते? तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"माय मॉम इज हिज डेंटिस्ट."

तेव्हापासून मी सगळे दात दाखवून हसतोय. त्यातला एक अर्धाच आलाय, तेवढं सांभाळून घ्या.