हुकावरचा नागोबा

जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात त्या दुपारी क्रेनचा अजस्र हुक छातीएवढ्या उंचीवर आणून ठेवला होता आणि शंभरेक माणसं त्याच्यापुढे हात जोडून उभी होती. बाबाने लाल कापडाची पोटली हुकावर फिरवली, वर काळा अंगारा भुरभुरला आणि हलकेच फुंकर मारली. सगळा अंगारा उडाला. एक नागमोडी रेघ मात्र जागची हलली नाही. नागोबा प्रकटला, आता ही क्रेन त्याच्या राखणीत, बिनघोर माल उचला, असं बाबाने जाहीर केलं. भराभर नारळ पुढे आले.

तपासणीच्या यंत्राची पेटी घेऊन मागे उभ्या असलेल्या नंदिनीचं डोकं फिरलं. महापेच्या एका प्रयोगशाळेत ती धातूंमधले दोष तपासायची. पंधरा दिवसांपूर्वी तिनेच याच हुकावर हीच रेघ उठवून दाखवली होती आणि हुक ताबडतोब बदला, असं लिहून दिलं होतं. यार्डाच्या मॅनेजरने अहवाल खणात टाकला. कुणकुण लागून क्रेनवाले जानूकाका अडून बसले, तेव्हा त्याने नवा हुक आणण्याऐवजी हा बाबा आणला. तिने दाखवला तो नुसता कागद, आणि बाबाने दाखवला तो देव!

ती पुढे घुसली. बाईच्या सावलीने तेज उतरतं, असं बाबा बजावत असतानाच तिने पोटलीजवळ पाना धरला. पाना खट्‌कन चिकटला. जानूकाकांनी पोटली सोडली. आत जुन्या लाऊडस्पीकरचं चुंबक निघालं. अंगारा म्हणजे लोखंडाचा बारीक कीस होता.

मग तिने हुक पुसला, आपल्या यंत्राने त्यात चुंबकत्व भरलं आणि स्वतःजवळची भुकटी टाकली. तीच रेघ उठली.

"अखंड पोलादातून चुंबकाचा जोर आतल्या आत वाहतो," ती म्हणाली. "तडा आला की तो तिथे बाहेर फुटतो आणि कीस धरून ठेवतो. ही रेघ म्हणजे तडा आहे, काका."

जानूकाकांनी रेघेवर बोट ठेवलं. "आनि आमची पोरं रोज याच्याच खाली उभी रातान," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत हुक उतरला. बाबा मॅनेजरच्या गाडीतून केव्हाच पसार झाला होता. एवढं होऊनही दोघा कामगारांनी नंदिनीला विचारलं, हुक देवळात ठेवला तर चालेल का. तिला रडावं की ओरडावं कळेना.

"माझ्यावरही विश्वास ठेवू नका," ती शेवटी म्हणाली. "चुंबक घ्या, कीस घ्या, स्वतः करून बघा. पण रेघ कशाने उठली हे विचारल्याशिवाय कुणीही हुकाखाली उभं राहू नका."