तापलेला तवा

पडद्यावरच्या आलेखातल्या दोन रेघा बघून अनीशसर म्हणाले, जुनाच डेटाबेस पुढे आहे, मग बदलायचा कशाला? न्यू टाउनच्या त्या ऑफिसात सगळ्यांनी कालिंदीकडे पाहिलं. बसची तिकिटं देणारा तो जुना डेटाबेस तिनंच इतकी वर्षं सांभाळला होता. नवा आला तर तिची जागा उरणार नाही, हे सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. नव्याची बाजू मांडणारा सलील सेन आपला लॅपटॉप मिटत होता.

चाचणी साधी होती. हजारो खोटे प्रवासी एकदम तिकीट मागतात. आसन पक्कं व्हायला हवं आणि पैसेही कापले जायला हवेत. यातलं एक जरी राहिलं, तरी तिकीट नाही. अशी पुरी झालेली तिकिटं मिनिटाला कोण जास्त देतो, ते मोजायचं.

कालिंदी नव्याच्या रेघेकडे बघत होती. ती तळाशी सुरू होऊन चढत गेली होती आणि चढत असतानाच चाचणी संपली होती. जुन्याची पहिल्यापासून वरच. रोज सकाळी लवकर येऊन कालिंदी जुन्याकडून नेहमीच्या मार्गांची माहिती एकदा मागवून घेई. ती डिस्कवरून मेमरीत येऊन बसली की पहिल्या प्रवाशाला ताटकळावं लागत नसे. आजही सवयीनं तिनं तेच केलं होतं. नव्याला तसं कुणी तयार केलं नव्हतं. आणि हे दुसऱ्या कुणाला ठाऊकही नव्हतं.

संध्याकाळी बेहालाच्या घरी तिचं पहिलं धिरडं तव्याला चिकटलं. ओट्याशी उभी असलेली, इथंच बंगालीत वाढलेली तिची लेक नूपुर हसली. मग कालिंदीनं तिला कोडं घातलं. दोन स्वयंपाकी, धिरड्यांची शर्यत. एकाचा तवा तापलेला, दुसऱ्याचा थंड. हुशार कोण, ते कसं ठरवायचं?

"हा तर चीटिंग आहे," नूपुर म्हणाली. "दोघांना सेम तवा दे ना."

"गरम की थंड?"

नूपुरनं विचार केला. "गरम. दुकानात रोज गरमच असतो."

"बरोबर."

"पण मग दुसरावाला जिंकला तर?"

कालिंदीनं धिरडं उलटलं. "तर तो जिंकला."

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं सांगितलं. सर वैतागले, हाती आलेला निकाल कशाला मोडता, म्हणाले. पण चाचणी पुन्हा झाली. नव्याला मेमरी किती लागते, त्याच्या खोडी काय, हे कालिंदीनं सलीलला विचारून घेतलं आणि स्वतःच्या हातानं त्याला तयार केलं. दोघांना सारखं यंत्र, सारखा वेळ. सुरुवातीचा चढ दोघांचाही मोजायचा नाही. आधी कोणाची चाचणी, तो क्रम बदलूनही पाहिला. दर वेळी नवाच पुढे राहिला.

सलील पुण्यात शिकलेला. खाली चहा पिताना त्यानं मोडक्या मराठीत विचारलं, "दीदी, तुम्ही नाही बोलला असता, तर कुणाला कळला असता?"

"मला. रोज सकाळी."

नोकरीच्या शेवटच्या दिवशीही ती लवकर आली. आता तिकिटं नव्याकडे होती. तिनं सलीलला सकाळचं काम एकदा करून दाखवलं, एकदा त्याच्याकडून करवून घेतलं. मग जुन्यासमोर बसून हावडा ते दिघा बसची उद्याची आसनं मागितली.

उत्तर क्षणात आलं. सगळी आसनं रिकामी होती.

तिनं यंत्र बंद केलं आणि डबा पिशवीत ठेवला.