सीटवरचं वजन

“बघा, बंद पडलं की नाही? तुमच्या डोळ्यांदेखत!” क्लबच्या सेक्रेटरीने मैदानाच्या मधोमध थांबलेल्या मशीनकडे बोट दाखवलं. गवत कापायचं, वर बसून चालवायचं मशीन होतं ते, आणि वर बसलेला म्हातारा चावी फिरवायचं काही सोडत नव्हता. “रोज हेच नाटक. बिघाड मशीनमध्ये आहे की म्हातारबुवांमध्ये, तेवढं एकदा सांगून टाका. मशीन चांगलं असेल तर मी माणूस बदलतो.”

दुरुस्तीला बोलावलेला मेकॅनिक हत्यारांची पेटी उचलून मैदानात निघाला. मशीनवरचा म्हातारा त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता. इतकी वर्षं मेकॅनिक त्याच्यावर डूख धरून होता, आणि आज उट्टं काढायची संधी आपल्या पायांनी चालत आली होती.

भांडणाला कारण काय, तर मेकॅनिकने भाऊजींची उसनी नेलेली मोटारसायकल परत केली तेव्हा तिचा एक आरसा फुटला होता. तेवढ्यावरून भाऊजींनी त्याला घराचं दार बंद केलं. मेकॅनिकही कमी नव्हता, त्यानेही तोंड फिरवलं. पण पुढे ताई अंथरुणाला खिळली, भाऊ येईल म्हणून दाराकडे डोळे लावून पडून राहिली, आणि भाऊजींनी एक फोन केला नाही. ती गेल्यावरही नाही. हे सगळं त्याला सांगितलं ते रस्त्यात भेटलेल्या ताईच्या शेजारणीने, तेही बऱ्याच दिवसांनी. “तुम्ही आला नाहीत ते?” असं तिने विचारलं, तेव्हा याला तोंड लपवायला जागा उरली नाही. त्या दिवसाचा संताप त्याने नीट जपला होता. खरं सांगायचं तर तो त्याला आवडूही लागला होता.

“उतरा,” तो मशीनजवळ जाऊन म्हणाला.

“तुला कोणी बोलावलं?”

“मशीनने.”

भाऊजी उतरले, तेही मशीनला धरून धरून. मेकॅनिकने बॅटरीला मीटर लावला, बॅटरी भरलेली. टोकांवरचा पांढरा थर खरवडला, फ्यूज काढून पाहिला, प्लगची ठिणगी पाहिली. चांगली निळी, कडक ठिणगी पडत होती. कुठे वायर सैल असेल म्हणून त्याने एकेक हलवून, ओढून पाहिली. मग स्वतः वर बसला आणि खाचखळगे शोधून शोधून मशीन त्यांवरून नेलं. इंजिनाने एकदाही कच खाल्ली नाही. भाऊजींना बसवलं, आणि पहिल्याच खळग्यात ते गप्प झालं. पुन्हा हा बसला, तर चालू.

तेव्हा त्याने सीट उलटली. सीटखाली एक स्विच असतो. वर माणसाचं वजन आहे तोवर तो दाबलेला राहतो. माणूस पडला की स्विच सुटतो आणि इंजिन आणि पाती बंद होतात, म्हणजे पडलेला माणूस पात्यांखाली येत नाही. स्विच चांगला होता. स्प्रिंगही चांगली होती.

मेकॅनिकने मान वर करून भाऊजींकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडलेली होती. शर्टात माणूस शोधावा लागत होता. खळगा आला की एवढासा देह सीटवरून उचलला जात असणार, आणि मशीनला वाटत असणार, माणूस पडला.

“काय निघालं?” भाऊजींनी विचारलं.

“मशीन ठणठणीत आहे. तुमचं वजन पुरत नाही त्याला.”

भाऊजींना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी सेक्रेटरीकडे चोरून पाहिलं. “मग त्या स्विचची वायर डायरेक्ट जोडून टाक. कोणाला कळतंय?”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा. विनंतीसुद्धा हुकमासारखी! मेकॅनिकने वायर सोलली. डायरेक्ट केली की मशीन थांबणार नव्हतं, मग वरून कोणी पडो की मरो. आणि मागणारा मागत होता स्वतःच्या तोंडाने. सुंठीवाचून खोकला जात होता. दोन्ही टोकं बोटांत धरून तो क्षणभर बसला. मग त्याने ती जिथली तिथे बसवली, टेप गुंडाळली. दया आली असं काही नाही. इतक्या झटक्यात यांची सुटका का व्हावी, असं त्याला वाटलं.

तो उठला आणि सेक्रेटरीला खणखणीत आवाजात म्हणाला, “मशीनमध्ये काही नाही. यांना उतरवा. हे यापुढे बसले तर जिवाला धोका आहे.”

सेक्रेटरीने भाऊजींकडून चावी मागून घेतली आणि तो ऑफिसकडे निघून गेला. झालं. उट्टं निघालं. आता गोड वाटायला हवं होतं.

“डॉक्टर काय म्हणतात?” मेकॅनिकने विचारलं.

“आशा नाही म्हणतात.”

“पोरीला माहीत आहे?”

“नाही.” भाऊजींचा आवाज चढला. “आणि तू कळवायचं नाहीस. माझ्या घरातलं आहे, मी बघेन.”

मेकॅनिकच्या डोक्यात सणक गेली. हेच! ताईच्या वेळी हेच म्हणाले असतील! भाची दूर शहरात नोकरीला होती. ताई गेल्यावर कित्येक महिन्यांनी तिने मामाचा नंबर शोधून काढला होता आणि तेव्हापासून बापाला न सांगता त्याला अधूनमधून फोन करायची. उद्या तिलाही असंच कोणीतरी रस्त्यात गाठून सांगेल.

“मला कळवलं नाहीत ना?” त्याने खिशातून फोन काढला आणि भाचीचा नंबर लावला. “आता बघा. कसं कळवतात ते बघून ठेवा!”

“अरे, नको... हात जोडतो तुला.”

तोवर पलीकडून आवाज आलाही होता. “मामा? आज या वेळी?”

“बाळा, बाबा आजारी आहेत. बरे होणार नाहीत. तू ये.”

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “निघते. उद्या सकाळी पोचेन. मामा, तोपर्यंत तू थांबशील त्यांच्यापाशी?”

हे त्याच्या हिशेबात नव्हतं. भाऊजी मशीनला टेकून खाली मान घालून उभे होते.

“थांबतो,” तो म्हणाला.

त्याने माफ केलं असं कोणी समजू नये. तो भाऊजींकडे पाठ करून गवतात बसला. थोड्या वेळाने तेही शेजारी, हातभर अंतरावर, बसले.