बारावी बाटली

टॉम डर्कनला गावानं वाळीत टाकलं, त्याला तीन आठवडे होत आले होते. तो दुकानात शिरला की बोलणं थांबायचं. दलदलीतून विटांसारखं कापलेलं त्याचं मातीचं जळण पावसात भिजत पडलं होतं. एरवी त्या ओल्या विटा वाळायला उभ्या करायला आमच्याकडं अख्खं गाव एकमेकांच्या रानात जातं. यंदा त्याच्याकडं कुत्रं फिरकलं नाही.

झऱ्याच्या वरच्या अंगाला त्याची साठ गुरं. त्या झऱ्याचं पाणी नळानं तेवीस घरांत येतं. ऊना रुएनची धाकटी मेव, पाच वर्षांची, ते पाणी पिऊन आजारी पडली आणि आता डब्लिनच्या इस्पितळात यंत्रावर होती. मूत्रपिंडं बंद.

"पाऊस येनार म्हाईत असून शेणकाला वतला यानं," पाणीसमितीचा अध्यक्ष पॅकी दुकानाच्या दारात सांगत होता.

"वतताना बघितलास?" डर्कन मागंच उभा होता.

"बघायला कशाला लागतंय? वास येतुय की तुझ्या अंगाला."

"तुझ्या अंगाला काय गुलाबाचा येतुय व्हय रं?"

कुणी हसलं नाही. माझ्या आईच्या मयतीलासुद्धा रात्रभर तिच्या गमती सांगून हसलेलं हे गाव.

माझी आई, डिलिया, दर गुरुवारी हॉलमध्ये शाळकरी पोरींना गोळा करायची. विणकाम शिकवायला नाही. सभेत उभं कसं राहायचं, अर्ज कसा करायचा, 'बस खाली' म्हटल्यावर न बसता कसं बोलायचं, हे शिकवायला. बसथांब्यावर छप्पर पोरींनी आणलं, पुलावर दिवाही त्यांनीच. मेव आजारी पडली तेव्हा आई त्यांना म्हणाली, "गाव काय म्हणतंय ते राहू द्या. पाणी काय म्हणतंय ते बघू." झऱ्याच्या वरच्या सगळ्या चरांतलं पाणी बाटल्यांत भरून त्यांनी तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी हॉलमध्ये खुर्च्या रचता रचता आई गेली.

मी मयतीला शहरातून आले ती राहिलेच. रविवारच्या सभेत पोरी निकाल वाचणार होत्या. म्हणून गुरुवारी मी आईच्या जागी बसले. समोर मेवची थोरली बहीण डर्व्हला, सोळाची, आणि तिची मैत्रीण ग्रानिया. डर्व्हलानं कागद वाचला. डर्कनच्या तीन चरांचं पाणी चांगलं निघालं होतं. बाकीच्यांचंही बरं.

"अकराच?" मी विचारलं. "आईच्या वहीत बारा आहेत."

ग्रानिया बिस्कीट चावायची थांबली.

"फुटली एक," डर्व्हला म्हणाली.

"कुठली?"

ग्रानियानं डर्व्हलाकडं बघितलं. मग डर्व्हलानं दप्तराच्या तळातून घडी घातलेला कागद काढला. बारावी बाटली आमच्या घरामागच्या चराची होती. आईनंच भरायला लावलेली. त्यातला जंतूंचा आकडा बाकी अकरांच्या कितीतरी पट होता.

"मावशीला माती देऊन तीन दिस झालं हुतं, तवा हे आलं," ग्रानिया म्हणाली. "मी म्हटलं सांगू. ही नको म्हनली."

"तुझी बहीण तिकडं यंत्रावर आहे, डर्व्हला."

"हाय की. कागद वाचल्यावर उठून बसनार हाय का ती?" तिनं दप्तर बंद केलं. "मावशीनं मला बोलायला शिकवलं, ताई. पहिलं तिच्याच इरुद्ध बोलू व्हय?"

मी उठून कप विसळले.

खात्री करायची म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नळकाम करणाऱ्याकडून हिरवा रंग आणला. गळती शोधायला वापरतात तो. आईच्या संडासात ओतला आणि साखळी ओढली. तिचा टॉवेल अजून खुंटीला होता. शनिवारी दुपारी आम्ही तिघी झऱ्यावर भिजत उभ्या होतो, तेव्हा ग्रानिया हळूच म्हणाली, "आला." दगडांच्या फटीतून हिरवं पाणी यायला लागलं होतं.

संडासाची टाकी वडिलांनी बांधलेली. चाळीस वर्षांत एकदाही उपसलेली नाही. आपलं झाकून दुसऱ्याचं वाकून बघणाऱ्यांतली आई नव्हती. तिला माहीत नव्हतं, असं मला वाटतं. तसं वाटून घेण्यावाचून मला गत्यंतरही नाही.

रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर हॉल भरला. डर्कन दाराशी, टोपी हातात. डर्व्हलानं अकरा वाचल्या. बारावीला थांबली, माझ्याकडं बघितलं. वाच म्हणून मी मान हलवली.

"बारावी. डिलिया केरी यांच्या घराची टाकी. गळती हितनंच झऱ्यात जाते."

पॅकी ताडकन उठला. "खाली बस, पोरी. तिच्या महिन्याची प्रार्थना व्हायचीय अजून. तवर मेलेल्या मानसाला सभेत दोष द्यायचा न्हाई, ही रीत हाय."

"मग टॉमकाकांना तीन आठवडे कसा दिला?" डर्व्हला म्हणाली.

"त्यो जित्ता हाय!"

"घर आता माझं आहे," मी म्हणाले. "माझं नाव घाला."

"तू गप, नोरा. दुःखात हाईस तू."

गलका सुरू झाला. कुणी म्हणालं, पोरींना शेफारून ठेवलंय. कुणी म्हणालं, डर्कननंच यांना फितवलं. डर्व्हला कागद धरून उभीच होती. तेव्हा पहिल्या रांगेतून तिची आई बोलली. ऊनानं माझ्या आईचे केस मयतीच्या दिवशी स्वतः विंचरले होते.

"पुन्यांदा वाच," ऊना म्हणाली. "मोठ्यानं. मागच्यांना ऐकू आलं न्हाई."

डर्व्हलानं पुन्हा वाचलं. ऊना उठली आणि माझ्याकडं न बघता निघून गेली.

टाकी उपसायला पंप लावलेला टँकर लागतो. आमच्या भागात तो एकट्या डर्कनकडं आहे. सोमवारी मी त्याच्या फाटकाशी गेले, तर डर्व्हला आधीच तिथं उभी राहून त्याला विचारत होती. त्यानं ऐकून घेतलं आणि दार लावलं. तासाभरानं टँकर आमच्या अंगणात आला.

झाकणावर आईनं फुलांच्या कुंड्या मांडल्या होत्या. ग्रानियाही आली, आणि त्या आम्ही तिघींनी बाजूला केल्या.

"सरका मागं," डर्कन म्हणाला. "शिंतोडं उडत्याल." सबंध दिवसात तो तेवढंच बोलला.

वास गावभर गेला. समोरच्या घराची खिडकी लागली, मग शेजारची, मग पॅकीची. मेवच्या तब्येतीचा फोन सकाळी आला होता, फरक नव्हता.

"आता आपल्यालाबी वाळीत टाकत्याल, ताई," डर्व्हला म्हणाली.

"टाकतील."

"पॅकीकाका हॉलची चावी न्हाई देनार."

"नाही देणार."

तिनं ओल्या बाहीनं नाक पुसलं. "मंग गुरुवारी तुमच्या वट्यावर बसू," म्हणाली आणि डर्कनच्या हाताखाली पाइप धरायला गेली.