स्लॉथचं अभ्यंगस्नान

मित्रांनो, हा जो फांदीला उलटा लटकलेला म्हातारा स्लॉथ दिसतोय ना, तो मी. जन्मलो दक्षिण अमेरिकेच्या दमट जंगलात. ऐंशीच्या दशकात इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनजवळच्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयात आलो. तिकडेही लटकलेलाच होतो, त्यामुळे फारसं बिघडलं नाही. शेजारचा मुंगीखाऊ आमच्या नात्यातला. त्याला दात नाहीत, मला घाई नाही, घराणंच तसं.

आमच्या केसांवर हिरवं शेवाळ वाढतं. त्यामुळे मी पानांत दिसत नाही आणि गरुड उपाशी परततो. केसांत बारीक पतंगही बिऱ्हाड करून राहतात.

माझी देखभाल करायला वैजयंती नवीनच लागली होती. दिवाळीची पहिली आंघोळ चुकवणारा नरकात जातो, हे तिला ठाऊक होतं. आणि माझा रंग पाहून मी ती जन्मभर चुकवलीय, याची तिला खात्री पटली. नरकचतुर्दशीला सकाळीच तिनं मला तेल लावलं, उटणं चोळलं, मगानं ऊन पाणी घातलं. अगदी मायेनं. मी विरोधाला हात उचलेपर्यंत ती पुसायलाही लागली होती.

दुपारी माझं अंग गार पडलं. आम्हाला ऊब धरून ठेवता येत नाही. अंग गारठलं की पोटात पानं पचवणारे जंतू थंडावतात, आणि भरल्या पोटी आम्ही उपासमारीनं मरू शकतो. व्हेटनं, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरनं, हे सांगितलं तेव्हा वैजयंतीनं घरी फोन लावला.

तिचा नवरा माधव हॉस्पिटलमधून थेट आला.

"अहो, मरेल का हा? खरं सांगा."

"वैजू, मी माणसांचा डॉक्टर. हा ठणठणीत असतानाही असाच दिसतो."

"थट्टा नको. माझ्या हातानं झालंय हे."

"व्हेट काय म्हणाला?"

"खाली उतरून शी केली, तर वाचला."

"बरं. मग शीची वाट बघू," म्हणत तो हीटरशेजारी बसला.

त्या कामासाठी आम्ही आठवड्यातून एकदाच खाली उतरतो. वैजयंतीनं चकलीला हात लावला नाही. ती रडली की मलाच अपराधी वाटे. लवकर बरं व्हावं असं फार वाटायचं. पण लवकर हा प्रकारच आमच्यात नाही.

शेवटी एका दुपारी मी उतरलो आणि काम उरकलं. त्या ढिगाला वैजयंतीनं हात जोडले. मला कुरवाळायला तिचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला.

मित्रांनो, माया जरूर करा, पण समोरच्याला काय सोसतं ते आधी विचारा. आणि चुकलात, तरी हात मागे घेऊ नका. हेच तिला सांगायला मी पंजा पुढे केला. पोचायला बराच वेळ लागला.

ती थांबली होती.