डावीकडचं फूल

सीमेवर लढाई पेटून आठ दिवस झाले होते. आखाडा बाळापूरच्या बाजारात बचत गटाच्या बाया जवानांच्या घरच्यांसाठी कागदी फुलं विकत होत्या. पैसे डब्यात, फूल टाचणीनं छातीवर. सगळा कागद मिनानं हळदीत रंगवला होता. फुलं कातरून तिच्या बोटांना फोड आले होते.

गिऱ्हाईक मात्र धाकट्या जावेपुढं, रुपापुढं. रुपाचा नवरा सीमेवर होता. मिनाचा नवरा हळदीची पोती तोलायचा. त्याच्या बायकोकडून फूल कोण घेणार? मिनाला आज एकच हवं होतं. सासरे, ग्यानबा, येतील तेव्हा त्यांच्या छातीवर तिच्या हातानं फूल लागावं.

ऊन मरणाचं. रुपा घामेजलेले हात कपड्याच्या साबणानं धुऊन आली आणि ओल्या बोटांनीच तिनं फूल उचललं. पाकळीवर लालभडक बोट उमटलं.

"अगं बया, कुंकू!" गटाच्या जनकाबाई ओरडल्या. "शिपायाच्या बायकोचं कुंकू उमटलं!"

झालं, रुपापुढं झुंबड उडाली.

"मिने, तुझी फुलं कोरडीच गं!" गटातली एक बाई म्हणाली.

लग्नाआधी मिना रसायनशास्त्रात बीएस्सी झाली होती. साबण लागला की हळद लाल होते, हे तिला पाठ होतं. पण या घरात तिला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात ग्यानबा आले आणि सरळ रुपापुढं उभे राहिले. "लाव माय, तुझं कुंकवाचं."

मिना मध्येच बोलली. "मामा, ते..."

रुपा वळली. चार दिवसांत नवऱ्याचा फोन आला नव्हता. ती हळूच म्हणाली, "ताई, तुमी शिकलेल्या. हे कुंकूच हाय ना? त्याईचं बरं असंल ना?"

खरं उत्तर मिनाच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"व्हय. कुंकूच हाय. बरंच असंल त्याईचं."

रुपानं पदर डोळ्यांना लावला. तेवढ्या वेळात मिनानं आपलं कोरं पिवळं फूल सासऱ्यांच्या डाव्या छातीवर टोचलं.

"अगं, हे काहून?"

"दोन सुना हायत ना, मामा," मिना टाचणी दाबत म्हणाली. "तिचं उजवीकडं लावा."