आईच्या वाट्याची भाकर

नील नदीला पूर आला की आमचं गाव बेट होतं. त्या वर्षी ऐन पुरात आई मरायला टेकली, आणि वाळवंटातले आमचे साधूबाबा पलीकडच्या तीरावर अडकले. मरणाआधी घ्यायची पवित्र भाकर, प्रभूचं शरीर मानतात ती, आईला त्यांच्याच हातून हवी होती. गावात धर्मगुरू नव्हता असं नाही. होता, आणि तो तिचाच थोरला मुलगा होता, माझा होरियनदादा.

दादानं सम्राटाच्या फर्मानावर सही केली होती. ख्रिस्ताचे स्वभाव दोन, एक देवाचा नि एक माणसाचा, असं त्यात होतं; आई आणि साधूबाबा मात्र तो एकच मानायचे. सही केली नसती तर सैनिकांनी चर्चला कुलूप ठोकलं असतं, हे खरं. आईनं तेही पोटात घातलं असतं. पण आमचा धाकटा पमून नदीत बुडाला, तेव्हा तिनं दादाला विचारलं, "आपल्या मेलेल्या मित्राच्या थडग्यापाशी प्रभू रडला ना? तो रडणारा कोण रे?"

आणि हा दीडशहाणा म्हणाला, "रडला तो माणूस, आई. मित्राला उठवलं ते देवानं."

"म्हणजे माझ्या लेकरासाठी देव रडलाच नाही?"

तेव्हापासून आईनं त्याच्या हातची भाकर घेतली नाही, आणि मीही नाही.

आता तो गुडघाभर पाण्यातून आला, भाकर तागाच्या फडक्यात, छातीशी धरलेली. आईनं भिंतीकडे तोंड केलं.

"आई, पाया पडतो तुझ्या. अशी उपाशी जाऊ नकोस गं."

"परत ने ती."

"आजाऱ्याच्या नावानं काढलेली परत वेदीवर ठेवत नाहीत. ठाऊक आहे ना तुला?"

"मग तूच खा."

दादा ओक्साबोक्शी रडायला लागला. लहानपणी मार खाल्ल्यावर रडायचा तसा. आईनं मान वळवली, त्याच्या ओल्या दाढीवर हात ठेवला.

"कोण रडतंय? धर्मगुरू की माझा होरियन?"

"मीच गं आई. दोन कुठून आणू?"

"मग त्याला कशाला दोन केलंस, बाळा?"

त्यानं तिचा हात घट्ट धरला. शेवटी म्हणाला, "देवच रडला, आई. पमूनसाठी देवच रडला."

आईनं तोंड उघडलं. त्यानं भाकर तिच्या जिभेवर ठेवली. दिवस मावळायच्या आत ती गेली, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी शांती मी कधी पाहिली नव्हती.

रविवारी मी चर्चच्या दारापर्यंत गेले. आत दादा फर्मान वाचत होता, तेच दोन स्वभाव, खणखणीत आवाजात. मग भाकर घेऊन तो दाराशी आला. शेजारी सैनिक उभा होता.

"आईला खोटं सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही," तो पुटपुटला. "तिला खरं सांगितलं."

"मग आत्ता म्हण. मोठ्यानं."

दादानं सैनिकाकडे पाहिलं. मग डोळे पुसले, पुढे केलेली भाकर फडक्यात गुंडाळली आणि आत गेला. मी पाण्यातून घरी आले. पमूनसाठी आता घरात रडणारी मी एकटीच उरले होते.